बांगड्याने काय घोडं मारलंय? गरोदरपण, पारा आणि मासळीचं ताट

प्रश्न : सुनेला चौथा महिना लागलाय. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, राहायला डोंबिवलीत. बुधवार-शुक्रवार-रविवार घरात मासळी असतेच. कुणीतरी तिला मोबाइलवर यादी पाठवली, की गरोदरपणात ‘मॅकरेल’ आणि ‘किंगफिश’ खाऊ नये, त्यात पारा असतो. तेव्हापासून तिने बांगडा आणि सुरमई दोन्ही बंद केलंय. आता पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत समुद्राची ताजी मासळी नाही, म्हणून खाडीची निवटी, बोयटे, चिंबोऱ्या आणते. ‘लहान मासे आहेत, चालतात’ म्हणते. हे बरोबर आहे का? स्वच्छ धुऊन, हळद-मीठ चोळून, कडक तळल्यावर पारा जातो का? आणि बाळंतिणीला मोरी मासळी द्यायची आमच्याकडे रीत आहे, ती द्यावी की नको?

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. बंदी उठली की बांगडा परत सुरू करा. सुरमई कायमची बंद करायची गरज नाही, पण मोठ्या सुरमईची तुकडी नको, आणि लहानीचीही आठवड्याला एकच. खाडीच्या मासळीचं मात्र उलटं झालंय. जिथे हात आखडायला हवा होता तिथे सूनबाई सैल सुटल्यात.

मी डॉक्टर नाही. मासळीच्या प्रयोगशाळेत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. मासे कापायचे, आम्लात विरघळवायचे आणि त्यात काय आहे ते मोजायचं, हा धंदा. त्यामुळे औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माशाचं माझ्याकडून घ्या.

तर त्या यादीचा घोळ काय झालाय ते पाहू. ती यादी अमेरिकेची आहे. तिकडच्या सरकारने गरोदर बायांना जे मासे टाळायला सांगितलेत त्यांत शार्क, तलवारमासा, मार्लिन, मोठ्या डोळ्यांचा टूना यांच्या बरोबरीने ‘किंग मॅकरेल’ आहे. तो अटलांटिकचा मासा, आपल्या सुरमईचा चुलतभाऊ. आपल्याकडे इंग्रजीत सुरमईला ‘किंगफिश’ म्हणतात आणि बांगड्याला ‘इंडियन मॅकरेल’. भाषांतर करणाऱ्याने दोन्ही नावं एकाच पिशवीत कोंबली आणि बांगडा विनाकारण फासावर गेला. नाव सारखं असलं म्हणून माशाचं पोट सारखं नसतं. आणि इथे सगळा मामला पोटाचाच आहे.

एकदा सकाळी ससून डॉकवरून आणलेली साडेसात किलोची सुरमई मी ओट्यावर फाडली. पोटात सात तारल्या निघाल्या. पाच अर्धवट विरघळलेल्या, एकीचा नुसता काटा, आणि एक इतकी ताजी की खवले अजून चमकत होते. जाळ्यात सापडायच्या जरा आधीच गिळली असणार. त्या ताज्या तारलीचं पोट मी फाडलं. आत हिरवट-तपकिरी लगदा. त्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर डायटम, म्हणजे काचेच्या डबीसारखं कवच असलेली शेवाळं, आणि मधूनमधून तांदळाच्या कणीहूनही बारीक कवचधारी जीव. म्हणजे एका ओट्यावर पुरी उतरंड मांडलेली: शेवाळ, शेवाळ खाणारा कीटकासारखा जीव, दोन्ही गिळणारी तारली आणि तारल्या गिळणारी सुरमई. शाळेच्या पुस्तकात याला अन्नसाखळी म्हणतात. खऱ्या समुद्रात ती साखळी नसते, जाळं असतं. जवळा चिखलातलं कुजकंही खातो आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीवही. बोंबील जवळा खातो, मांदेली खातो आणि हाताला लागली तर स्वतःची पिल्लंही. मऊ म्हणून बोंबलाला गरीब समजू नका, त्याचे दात एकदा निरखून बघा.

या जाळ्यात पारा वर कसा चढतो, ते बासुंदीच्या उदाहरणाने सांगतो. दूध आटवलं की पाणी वाफ होऊन जातं, साखर मात्र सगळी कढईत राहते, म्हणून बासुंदी गोड मिट्ट होते. मासा जे खातो त्यातलं बहुतेक पोहण्यात, श्वासात, अंग चालतं ठेवण्यात खर्च होतं किंवा विष्ठेतून निघून जातं. खाल्लेल्याचा जेमतेम दहावा हिस्सा त्याच्या अंगाला लागतो. पण मिथाइल पारा, म्हणजे चिखलातले जिवाणू साध्या पाऱ्याचं जे रूप करतात आणि जे माशांत सापडतं ते, खर्च होत नाही. तो मांसातल्या प्रथिनांना, त्यांच्यातल्या गंधकाला, असा चिकटतो की निघता निघत नाही. म्हणजे प्रत्येक पायरीवर दूध आटतं आणि साखर राहते. पायरीगणिक प्रमाण काही पटींनी वाढत जातं. याला जैवविशालन म्हणतात. शब्द भारदस्त आहे, गोष्ट कढईतली आहे.

पण सगळ्यात मोठी उडी वरच्या पायरीवर नसते, अगदी पहिल्या पायरीवर असते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पाण्यातून शेवाळाच्या पेशीत शिरतानाच प्रमाण दहा हजार ते लाखभर पटींनी वाढतं. पुढच्या तीन-चार पायऱ्या मिळून उरलेली वाढ. पाण्यापासून मोठ्या माशापर्यंत हिशोब दहा लाख पटींच्या घरात जातो, पुष्कळदा त्याहून वर.

म्हणूनच ‘पाणी तपासलंय, स्वच्छ आहे’ या वाक्याचा मला राग आहे. एका कारखान्याने कोळ्यांच्या तक्रारीवर उत्तर म्हणून पाण्याचा अहवाल पुढे केला होता. पाऱ्याच्या रकान्यात तीन अक्षरं: बीडीएल. म्हणजे यंत्राला दिसेल त्याच्या खाली. सभेत ते वाचलं गेलं ‘पारा नाही’ असं. ते यंत्र लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या खालचं पाहूच शकत नव्हतं. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादाही तेवढीच, एक मायक्रोग्रॅम. समुद्रात आणि खाडीत पारा मोजायचा तो नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागात. हत्तीच्या काट्यावर मोहरी ठेवायची आणि काटा हलला नाही म्हणून मोहरीच नाही म्हणायचं, असला प्रकार. मासा हाच पाण्याचा खरा अहवाल. तो चोवीस तास, वर्षानुवर्षं नमुना गोळा करत असतो.

हे माणसाला फार महाग किमतीत कळलंय. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथे चिलटांचा त्रास होता. चावणारी नव्हेत, नुसती डोळ्यापुढे नाचणारी. पर्यटकांना ती नको म्हणून १९४९ साली तळ्यात डीडीडी हे डीडीटी या कीटकनाशकाचं भावंड टाकलं. प्रमाण काय, तर सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटं परत आली तसं १९५४ला आणि १९५७ला पुन्हा टाकलं, जरा वाढवून, पाच कोटींना एक. पाण्यात थोड्याच दिवसांत त्याचा मागमूस उरला नाही. पण तळ्यावर टिबुकलीच्या जातीचा एक मोठा पक्षी मासे खाऊन राहायचा, तो मरायला लागला. त्याच्या चरबीत डीडीडी निघालं किलोला १६०० मिलिग्रॅम. पूर्वी हजारावर जोड्या तिथे घरटी करायच्या. १९६०मध्ये तीसेक उरल्या, आणि पिल्लू एकही नाही. पाणी मात्र स्वच्छ होतं. अहवाल काढला असता तर बीडीएलच आलं असतं.

मिनामाताची कथा तुम्ही ऐकली असेल, म्हणून थोडक्यात. जपानच्या त्या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवत होता आणि पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडत होता. तिथे वाईट योगायोग असा, की मिथाइल पारा कारखान्यातच तयार होत होता, चिखलातल्या जिवाणूंची वाट पाहावी लागली नाही. आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, समुद्रात उड्या घ्यायला लागली; माशांची डोकी आणि काटे तीच खात ना. १ मे १९५६ला माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी १९५९मध्ये ते सांडपाणी मांजराला चारून पाहिलं आणि मांजराला तोच आजार झाला. ते दाबून टाकलं गेलं. कारखान्याने ती प्रक्रिया बंद केली १९६८ला. सव्वादोन हजारांवर माणसांना सरकारने रुग्ण म्हणून मान्यता दिली. तुमच्या सुनेच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट एकच: कित्येक आया वरकरणी ठणठणीत होत्या आणि बाळं मात्र जन्मतःच अधू झाली. मिथाइल पारा वारेतून सहज पार होतो. बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. म्हणून ही सगळी काटेकोर मापं गरोदरपणासाठी आहेत. तुमच्या-माझ्या वयाला इतकं मोजत बसायचं कारण नाही.

पण मिनामाता घडलं एका कारखान्याच्या तोंडाशी. तुमच्या ताटातल्या सुरमईत जो पारा आहे तो कुठल्या एका नळातून आलेला नाही. दगडी कोळसा जळतो, जगभर लहानसहान खाणींत पारा घालून सोनं काढतात, ज्वालामुखीही हातभार लावतात. तो पारा हवेत महिनोन्‌महिने फिरतो, पावसाबरोबर समुद्रात उतरतो. म्हणून वेंगुर्ल्याची सुरमई असो की ओमानची, थोडाबहुत पारा असणारच.

आता हिशोब. तुम्ही हातात कागद घ्या.

अमेरिकेची मर्यादा सगळ्यांत कडक आहे: शरीराच्या दर किलो वजनाला दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. सून ५५ किलोची धरू. आठवड्याचे झाले साडेअडतीस मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीची मर्यादा जरा सैल आहे, आठवड्याला किलोमागे १.६, म्हणजे ८८. गरोदर बाईसाठी मी कडक मर्यादा धरतो.

समजा, दोन-अडीच किलोच्या सुरमईत किलोला ०.३ मिलिग्रॅम पारा निघाला. शंभर ग्रॅमच्या तुकडीत झाले ३० मायक्रोग्रॅम. आठवड्याचा कोटा एका तुकडीत जवळजवळ संपला. आता पंधरा किलोची जुनी सुरमई धरा, तिच्यात ०.७ निघाला. अमेरिकेच्या त्या किंग मॅकरेलची सरासरी एवढीच, ०.७३, भरते. एका तुकडीत ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांचा कोटा एका जेवणात. आणि बांगड्यात ०.०५ धरा: शंभर ग्रॅम मांसात ५ मायक्रोग्रॅम. आठवड्यात सात बांगडे खाल्ले तरी कोटा शिल्लक! तारली याहून हलकी. अमेरिकेच्या तपासण्यांत तारलीच्या जातीची सरासरी ०.०१३ आहे, शार्कची ०.९८. पंचाहत्तर पटींचा फरक आहे हा, आणि दोघांना लोक ‘मासे’ या एकाच शब्दात बसवतात. माझे सुरमई-बांगड्याचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, प्रत्येक मासा वेगळा. पण उतरंड हीच राहते.

लक्षात ठेवायचे दोनच प्रश्न: हा काय खातो, आणि किती वर्षं खात आलाय? वय आम्ही माशाच्या कानातल्या खड्यावरून काढतो. डोक्यात दोन पांढरे खडे असतात, त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. घोळीचा खडा तर चांगला अंगठीत बसवण्याएवढा. तुम्हाला खडा बघायची गरज नाही, वजन पुरे. बांगडा दोन-तीन वर्षांचं आयुष्य जगतो, प्लवक खातो. पापलेट महाग असलं तरी खाणं साधं, बारीक प्लवक नि जेलीफिशसारखं लिबलिबीत काहीबाही. मांदेली, तारली, कोळंबी, लेप, पापलेट, बांगडा हे सगळे निर्धास्त. रावस, हलवा मधले. मोठी सुरमई, मोठी घोळ, वाम, मोठा कुपा, मोठी मुशी वरच्या पायरीवर. गोड्या पाण्यातले रोहू-कटला खालच्या पायरीवरचे. मांगूर मात्र घेऊ नका. थाई मांगूर पाळायला २०००पासूनच बंदी आहे, तरी चोरून पाळतात आणि कत्तलखान्याची घाण चारतात.

धुणं आणि तळणं यांचा प्रश्न. नाही जात. पारा मांसाच्या प्रथिनांत बसलेला, तो हळद-मिठाने, आगळाने, लिंबाने हलत नाही. तळल्यावर तर उलट होतं: तुकडीतलं पाणी उडतं, पारा तेवढाच राहतो, म्हणजे ग्रॅममागे प्रमाण किंचित वाढतंच. सुक्या मासळीचंही तसं. सुका जवळा तपासला तर आकडा ओल्यापेक्षा तीन-चार पटींनी मोठा दिसतो, आणि एका बाईने तो वाचून घाबरून सगळा डबा फेकल्याचं मला माहीत आहे. पाणी गेलंय म्हणून आकडा फुगला; पण तुम्ही सुका जवळा खाता मूठभर, ओल्यासारखा वाटीभर नाही. बंदीच्या दिवसांत सुकट, सुका जवळा, सुके मांदेली खुशाल. फक्त मीठ फार असतं, रक्तदाब वाढलेला असेल तर जपून.

धुण्या-सोलण्याने फरक पडतो तो दुसऱ्या जातीच्या विषांत. डीडीटी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी ही रसायनं प्रथिनात नाही, चरबीत राहतात. तीही पाऱ्यासारखी उतरंड चढतात. क्लिअर लेकचा पक्षी याच वाटेने मेला. पण इथे स्वयंपाकघरात काही करता येतं: कातडी काढली, पोटाकडची चरबी टाकली, मासा शेकून त्याचं तेल गळू दिलं तर बराच भाग जातो.

तिसरी जात शिसं आणि कॅडमियमची. ही धातू घातक आहेत, पण वर चढत नाहीत. शिसं हाडा-कवचात अडकतं, कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतासारख्या अवयवांत. म्हणून सुरमईच्या तुकडीत ते फारसं सापडत नाही. सापडतं ते कालवांत, माकुलाच्या आतड्या-पोटात आणि चिंबोरीच्या कवचाखालच्या पिवळ्या-तपकिरी गरात. आणि नेमका तोच गर आपण बोटाने पुसून चाखतो. कोळंबीच्या अहवालात कधी ‘आर्सेनिक’ दिसलं तर दचकू नका. समुद्री मासळीतलं बहुतेक आर्सेनिक अशा सेंद्रिय रूपात असतं की शरीर ते तसंच बाहेर टाकतं. प्रत्येक विषाचा रस्ता वेगळा आहे. ‘जड धातू’ असा एकच शिक्का सगळ्यांवर मारला की सगळा गोंधळ सुरू होतो.

इथून खाडीकडे वळतो, कारण खरी काळजी तिथली आहे.

ओहोटीला खारफुटीत कधी उतरलात का? वरचा बोटभर चिखल तपकिरी, पाय आत गेला की काळाकुट्ट, आणि कुजक्या अंड्याचा भपका येतो. तो वास म्हणजे आत प्राणवायू नाही याची पावती. तिथले जिवाणू हवेऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातूनच तो वास. साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करणारी मुख्य टोळी हीच. ते काम करणारी दोन जनुकं २०१३मध्ये सापडली. त्याआधी हे जिवाणू पारा बदलतात एवढंच ठाऊक होतं, कोणत्या अवजाराने ते ठाऊक नव्हतं. आता या चिखलात कारखान्यांचा जुना पारा असेल तर? ठाण्याच्या खाडीत तो होताच. कॉस्टिक सोडा बनवायला पूर्वी पाऱ्याच्या टाक्या वापरत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१मध्येच ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर लिहून ठेवलंय. त्या टाक्या आता गेल्या, पडद्याची पद्धत आली, सोडणं थांबलं. पण चिखल विसरत नाही. गाळ उपसला, पूल बांधायला खांब ठोकले, मोठा पूर आला की जुना थर ढवळतो.

आणि म्हणून ‘लहान मासा चालतो’ हा नियम खाडीत मोडतो. तो नियम उघड्या समुद्राचा, जिथे पारा सगळीकडे सारखाच विरळ पसरलेला असतो आणि फक्त पायरी मोजायची असते. खाडीत पायरीपेक्षा जागा महत्त्वाची. निवटी चिखलातच राहते, चिखलातच बीळ करते. बोय खालच्या पायरीवरची खरी, पण ती अक्षरशः चिखलाचा वरचा थर चाटून त्यातलं कुजकं गाळून खाते. आम्ही तिचं पोट फाडतो तेव्हा निम्मी तर वाळू निघते. चिंबोरी मेलेलं-सडलेलं खाते. म्हणजे पायरी खालची, पण पंगत थेट गटाराच्या तोंडाशी. पारा एकवेळ बाजूला ठेवा; गाळातलं शिसं, कॅडमियम, जळक्या तेलातली रसायनं आणि सगळ्यांच्या वर मैला.

तिसऱ्या, कालवं, शिणाणे या शिंपल्यांचं तर विचारूच नका. एक शिणाणा तासाला लिटरभर किंवा जास्तच पाणी गाळतो. त्यामुळे तो आमचा लाडका. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग यांनी जगभरच्या किनाऱ्यांवर शिणाण्यांना पहारेकरी नेमावं अशी कल्पना मांडली, ती आजही चालते. पण प्रयोगशाळेचा पहारेकरी आणि गरोदर बाईचं कालवण या दोन वेगळ्या गोष्टी. शहरालगतच्या खाडीतल्या तिसऱ्यांत मला पाऱ्यापेक्षा काविळीची आणि जुलाबांची भीती जास्त वाटते. वेंगुर्ल्याकडच्या, शहरी सांडपाणी नसलेल्या खाडीतल्या तिसऱ्या गावाहून आल्या तर नीट शिजवून खायला हरकत नाही. ठाणे, उल्हास, वसईकडच्या मात्र बाळंतपण होईपर्यंत नकोत. निवटी, बोयटे, चिंबोऱ्याही नकोत. विकणारीला विचारा, कुठून आणलंस? ती खोटं बोलेल असं गृहीत धरू नका. कोळणीला स्वतःच्या खाडीचं कुणाहीपेक्षा जास्त कळतं. घाण पाणी कुठलं, ते तीच सांगते.

मासे सोडूच नका, हेही तितक्याच जोराने सांगतो. अमेरिकेची तीच यादी गरोदर बाईला आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याची मासळी खायला सांगते. ते वाक्य मोबाइलवर पुढे पाठवताना गळालं. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ तेलं, आयोडीन, ड जीवनसत्त्व बांगड्या-तारलीत भरपूर. फॅरो बेटांवर, जिथे आया मासळीबरोबर पाऱ्याने भरलेलं पायलट देवमाशाचं मांस खात, तिथल्या मुलांत बारीक का होईना उणेपणा दिसला. सेशेल्समध्ये आया रोज समुद्री मासे खात, तिथे तसा ठळक तोटा आढळला नाही. दोन अभ्यासांवरून शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालली आहे. मला त्यातून एवढंच दिसतं, की ताटात काय आहे हे बघितल्याशिवाय ‘मासे चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा.

राहिली मोरी. मोरी म्हणजे शार्कच, म्हणून यादीवाले धास्तावणार. पण बाळंतिणीला आपल्याकडे जी देतात ती बहुतेक वेळा टोकदार तोंडाची बारकी मोरी, हातभर लांबीची. ती जात मुळातच लहान. मोठी झाली तरी पाऊण मीटरपर्यंत, आयुष्य पाच-सहा वर्षांचं, खाणं जवळा, कोळंबी, लहान मासे. तिची तुलना दहा-बारा फुटी मुशीशी करू नये. शिवाय अंगावरच्या दुधातून मिथाइल पारा जातो तो वारेतून जातो त्याच्या मानाने बराच कमी. म्हणून माझं मत: गरोदरपणात मोरी नको, अगदी लहानही. बाळंतपणानंतर हातभर लांबीची, अख्खी, डोक्यासकट समोर दिसणारी मोरी आठवड्यातून एकदा कालवणाला चालेल. कापून ठेवलेले, कातडी सोललेले मोठे पांढरे तुकडे ‘मोरीच आहे’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्या तुकड्यावरून मासा केवढा होता ते मलाही ओळखता येत नाही, यंत्राशिवाय. आणि मोरीने दूध वाढतं का, हे मी कधी मोजलेलं नाही.

शेवटचं, सून घाबरली असेल तर तिला हे सांगा. आतापर्यंत खाल्लेल्या सुरमईचा पारा अंगात कायमचा राहिलेला नाही. माणसाच्या शरीरातून तो निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात. सुरमई सोडून दोनेक महिने झाले असतील तर निम्म्याहून जास्त गेलाच. आता बंदी उठून नवे बांगडे आले की त्यांचं तिखलं करा, तिरफळं घालून.